तोंड न दाखवणारा आरसा

सांडूमामा, जमलं. आधी हेच सांगते, बाकीचं मागाहून. तुमचा हात नसताना, तुमच्याच दुकानात, तुमच्याच तसराळ्यात आरसा झाला आणि त्यानं उजेड धरला. काल माझ्या मार्गदर्शक सरांनी आलेख बघितला, चष्मा काढून साडेतीन मिनिटं पुसला आणि पुन्हा बघितला. बोलले काहीच नाहीत. आमचे सर बोलले नाहीत म्हणजे केवढी गोष्ट झाली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन वर्षं माझ्या तोंडून तुम्ही त्यांच्या बोलण्याचेच किस्से ऐकलेत.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. तेराव्याला सोयगावकडची तुमची सगळी मंडळी आली होती. कुणी तुमच्या हाताचं कौतुक करत होतं, कुणी तुमच्या गप्पांचं. मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणि माझ्या डोक्यात एकच, की अर्धं शिकवून असं कुणी जातं का. तुमच्या लेकीला, सुमनला वाटलं मला फार धक्का बसलाय. तिनं मला पाणी आणून दिलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. म्हणून हे लिहायला बसले आहे. भांडण अर्धवट ठेवायची आपली पद्धत नव्हती.

आपली ओळख माझ्या आईच्या कपाटामुळे झाली. त्याच्या आरशाचा पारा उडाला होता आणि आईला तोच आरसा हवा होता, नवा नको. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीसमोर एक माणूस अजून हाताने पारा चढवतो असं कुणीतरी सांगितलं. मी आले तर तुम्ही पहिल्या पाच मिनिटांतच माझी चूक काढलीत. लोक पारा म्हणतात, असते ती चांदी, असं म्हणालात. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते हे नुकतंच बोलून बसले होते, त्यामुळे मान डोलावणं भाग होतं.

मग तुम्ही मला अंगठ्याची गोष्ट सांगितलीत. आरशाच्या पाठीला लाल रंग दिला की तो ओला असतानाच खालच्या डाव्या कोपऱ्यात अंगठा दाबायचा. तुमच्या उस्तादांनी तसा रिवाज घालून दिला होता. आरशात एवढासा डाग असला, चांदी कुठे पातळ पडली, तर अंगठा नाही, आणि अंगठा नाही तर आरसा दुकानाबाहेर नाही. उस्तादांच्या हातचा एक जुना आरसा भिंतीवर होता. तो तुम्ही उतरवून उलटा करून दाखवलात. लाल रंगात रेघ न् रेघ उमटली होती. त्या अंगठ्यासाठी तुम्ही उस्तादांकडे सहा वर्षं पाणी भरलंत, काच घासली, आणि मग एक दिवस ते म्हणाले की आजपासून तू दे.

हे सगळं मी अर्ध्या कानानं ऐकत होते, कारण माझं लक्ष कोपऱ्यातल्या टोपलीकडे गेलं होतं. वाया गेलेल्या काचा होत्या. मी एक उचलून दाराकडे धरली. काच हळदीच्या पाण्यासारखी पिवळी दिसली. दुसरी तपकिरी, तिसरी जांभळट. मामा, त्या क्षणी माझ्या छातीत जे झालं ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. गेली चार वर्षं मी पुस्तकांत जे वाचत होते ते तुम्ही टोपलीत टाकून ठेवलं होतं. चांदीचा सलग थर दिला की ती चांदीसारखी चमकते. पण तिचे इतके बारीक दाणे केले, की केसाच्या जाडीत हजार दाणे बसतील, तर ती चांदी चांदीसारखी दिसत नाही. ती ठरावीक रंगाचा उजेड पकडून ठेवते आणि उरलेला सोडून देते. माझं सगळं संशोधन त्या दाण्यांवर होतं आणि ते दाणे काचेवर बसवणारं विद्यापीठातलं यंत्र आठ महिन्यांपासून एका सुट्या भागाची वाट बघत बंद पडलं होतं.

माझं वय तेव्हा त्रेचाळीस. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. ह्या खेपेला प्रबंध झाला नाही तर नाव कटणार, एवढा साधा हिशोब. नवरा शेंद्र्याच्या कंपनीतून पाळी करून यायचा आणि काही न बोलता भाजी चिरायला घ्यायचा. पण नातेवाइकांत माझ्या शिक्षणाचा विषय निघाला की लोक हळूच हसायचे. मी तुमच्याकडे त्या काचा मागितल्या.

तुमचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. जणू मी तुमच्या घरातली खरकटी भांडी मागितली. "ते खराब हायेत, ताई. आंगठा नसलेला माल मी देत नाय." शेवटी बऱ्याच विनवण्या केल्यावर चार तुकडे दिलेत, तेही कागदात गुंडाळून, कुणी विचारलं तर कचऱ्यातून उचलले म्हणून सांगायच्या अटीवर.

दुसऱ्या दिवशी मी इमरतीचा पुडा घेऊन आले तेव्हा तुम्हाला वाटलं आईच्या आरशाची खुशी आहे. मी सांगितलं की तुमच्या एका तुकड्यावर मी गुलाबी रंगाच्या पाण्याचा थेंब वाळवला. रंग इतका कमी, की पेल्यात बघाल तर नुसतं पाणीच वाटेल. त्याच्यावर लेझरचा उजेड सोडला. साध्या काचेवर यंत्राला काहीसुद्धा दिसत नाही, पडद्यावर सरळ रेघ येते. तुमच्या खराब काचेवर रेघ उठून उभी राहिली. एकामागून एक शिखरं. त्या रंगाची ओळख पटवणारी सगळीच्या सगळी.

तुम्ही इमरती खात विचारलंत की ह्यात आरशानं काय केलं. मग मी तुमच्या लाकडी स्टुलावर बसून शिकवायला लागले. चांदीच्या दाण्यात इलेक्ट्रॉन असतात. उजेड पडला की ते त्याच्या तालावर सगळे मिळून हलतात, आणि दाण्याच्या आकाराला जो ताल मानवतो त्याला तर फारच जोरात. असे दोन दाणे अगदी जवळ आले की मधल्या फटीत उजेड कोंडला जातो. तिथे जे काही चिकटलेलं असेल त्याच्यावर एवढा दाट उजेड पडतो की त्याची खूण लपत नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि मान हलवलीत. आरशाचं काम उजेड परत करायचं, म्हणालात. ठेवून घेतला तर तो आरसा कसला, ती लबाडी झाली.

"किती वेळ ठिवतो?"

मी सांगितलं. पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळाचे एक कोटी तुकडे करा. त्यातल्या एका तुकड्याचे आणखी दहा लाख करा. त्यातला एक. तुम्ही इतके हसलात की समोरच्या गिरणीवाल्यानं पट्टा बंद करून बाहेर येऊन बघितलं.

"एवढ्याशाला ठिवणं म्हंता व्हय, ताई? एवढ्यात तर माणसाला नाय पण म्हणता येत नाय."

पुढची दोन वर्षं हा वाद चालला. पाणी सुटायच्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून एकदा, तुम्ही टाक्या भरत भरत तो उकरून काढायचात. मी काहीतरी नवीन मुद्दा वाचून यायची आणि तुम्ही एका वाक्यात मला आडवं करायचात. मी कॉलेजात साठ पोरांना गप्प करते, पण तुमच्यापुढे कधी जिंकले नाही.

आता ते दोन महिने. ते सोडून पुढे गेले तर हे लिहिणं खोटं होईल. टोपलीतल्या तुकड्यांवर काम भागणार नव्हतं, प्रत्येकाची जात वेगळी होती. मला एकसारख्या पट्ट्या हव्या होत्या, बोटभर रुंद, मुद्दाम खराब केलेल्या. तुम्ही तयार झालात. मी काचा, शुद्ध पाणी, चिमटे सगळं आणून दिलं आणि बजावलं की चांदीला हात लावायचा नाही, हाताचं तेल लागलं तर यंत्र तेच दाखवेल. पट्ट्या यायला लागल्या. आणि यंत्रावर काही म्हणजे काही येईना. पडद्यावर सरळ रेघ. मी लेझर तपासला, रंग नवा केला, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाशी भांडून घेतलं. सरांनी विचारलं की पहिल्या वेळी खरंच काही दिसलं होतं ना. माणसाला स्वतःवरच शंका येते तेव्हा काय होतं ते मी तेव्हा अनुभवलं.

एक दिवस कॉलेज लवकर सुटलं आणि मी न कळवता दुकानात आले. तुम्ही माझ्या पट्ट्या तसराळ्यात मांडून बसला होतात. पहिला हात देऊन झाला होता, पट्ट्या तपकिरी झाल्या होत्या, अगदी मला हव्या होत्या तशा. आणि तुम्ही त्यांच्यावर दुसऱ्यांदा चांदीचं पाणी ओतत होतात. माझ्या डोळ्यांदेखत त्या लखलखीत झाल्या. त्यात तुमचं छप्पर दिसलं, पंखा दिसला, आणि मग वाकून बघणारं माझं तोंड दिसलं.

तुम्ही जरासुद्धा गडबडला नाहीत. "विद्यापीठात लोक बघतील. असला माल ताईच्या हातात कसा देऊ म्या?"

मी जे बोलले ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. माझे दोन महिने तुम्ही घासूनपुसून चकचकीत केलेत, आता तोंड बघत बसा त्यात, असं काहीसं. आणखीही बोलले. चाळीस वर्षं ज्या माणसानं एक डाग पडलेला आरसा दुकानाबाहेर जाऊ दिला नाही, त्याला मी रोज दहा डाग पाडून दे म्हणत होते, आणि त्याला त्रास होत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तुम्ही पट्ट्या पाण्यातून काढून फडक्यावर ठेवल्यात आणि हात पुसलेत. मी तशीच निघून आले. त्यानंतर मी तुमची कधीच माफी मागितली नाही. आज मागते. उशीर झालाय हे कळतंय, पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

नवव्या दिवशी तुम्ही विद्यापीठात आलात. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, हातात चपलांचा खोका. विभागाबाहेरच्या कडुनिंबाखाली बसून होतात, शिपायाला म्हणालात की मॅडमचं काम संपू द्या. खोक्यात बारा पट्ट्या होत्या. चहाच्या डागासारख्या, ओशाळवाण्या. मी तुम्हाला आत नेलं. तुम्ही दाराशी चपला काढल्यात, मी नको म्हणत असताना. पडद्यासमोर बसवलं, थेंब वाळवला, लेझर सोडला. रेघ उठली आणि तुम्ही खुर्चीत मागे सरकलात.

"हे माझ्या खराबीनं केलं?"

मी हो म्हटलं. तुम्ही पुन्हा लावायला सांगितलंत. मग आणखी एकदा. बारा पट्ट्या होईपर्यंत तुम्ही उठला नाहीत आणि बाराही पट्ट्यांवर शिखरं जवळपास सारख्याच उंचीची आली. तंत्रज्ञ मला म्हणाला, मॅडम, लाखांच्या यंत्रातून इतकं एकसारखं येत नाही. मी ते तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही मग महिनाभर ऐकवलं असतंत. आता सांगून टाकते. ऐकवायचं तेवढं ऐकवा.

सर मात्र खूश झाले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की हे एका माणसाच्या हाताचं कसब आहे, विज्ञान नव्हे. दुसऱ्या कुणी करून दाखवलं आणि तेच आलं, तर ते मान्य. मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. दुसरा हात म्हणजे माझाच. मी स्टॉपवॉच घेऊन तुमच्या शेजारी बसायला लागले. सेकंद लिहिले, पाण्याचं तापमान लिहिलं. मे महिन्यातले सेकंद डिसेंबरात लागू पडेनात. एक पट्टी चाळिसाव्या सेकंदाला उचललीत, दुसरी सत्तराव्या. दोन्ही बरोबर. कधी उचलायची असं विचारलं की तुम्ही म्हणायचात, उचलावीशी वाटली की उचलायची. मी चिडायची. त्यात पाणी ओतून झालं की तुम्ही मधूनमधून काच वर धरून गिरणीकडे बघत बसायचात. एकदा तर मी सरळ म्हटलं, मामा, हातातल्या कामाकडे बघा, गिरणीत काय ठेवलंय. तुम्ही हसलात आणि पट्टी शुद्ध पाण्यात टाकलीत.

मग तुमचा फोन आला, बुधवारी. नऊ पट्ट्या झाल्यात, घेऊन जा, आणि ह्या वेळी एक गंमत आहे. मला परीक्षेची ड्युटी होती. मी म्हटलं शनिवारी येते. तुम्ही म्हणालात या की, आरसा कुठं पळून जातोय. शुक्रवारी सकाळी सुमनचा फोन आला. छातीत दुखलं म्हणाली, रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर सुमननं मला दुकानाची किल्ली दिली. म्हणाली, बाबा म्हणायचे ताईचं काम अडायला नको. खोकाही दिला. मी तो उघडला नाही. तुमच्या हातच्या शेवटच्या नऊ पट्ट्या होत्या आणि त्यानं माझं काम होणारही नव्हतं. मुदतीला जेमतेम महिना होता आणि सरांना दुसऱ्या हाताच्या पट्ट्या हव्या होत्या.

मी दुकानात बसले. काच धुतली, रांग्याचं म्हणजे कथलाचं पाणी दिलं, चांदीचं पाणी, ती काचेवर बसवणारं साखरेचं पाणी, सगळं तुमच्या क्रमानं. अकरा पट्ट्या केल्या. अकराही लखलखीत आरसे झाले. एकाही पट्टीवर उजेड थांबला नाही. अकराव्या पट्टीत माझं तोंड इतकं स्वच्छ दिसलं की मला हसूच फुटलं. कारण मी काय करत होते ते तेव्हा कळलं. पट्टी तपकिरी व्हायची, मग तिच्यात किंचित चमक यायची, आणि ती चमक बघून हात थांबायचाच नाही. अजून जरा होऊ दे, अजून जरा चांगली दिसू दे. ज्याच्यासाठी मी तुम्हाला नको ते बोलले, तेच मी अकरा वेळा केलं होतं. रिकाम्या दुकानात मी एकटी हसत होते आणि मग रडायला लागले. तेराव्याला आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं. गिरणीवाला येऊन दारात उभा राहिला आणि काही न विचारता चहा सांगून आला.

चहा आला तेव्हा मी तुमचा खोका उघडला. पहिली पट्टी चिमट्यानं उचलली आणि आधी पारा चढला. चांदीवर बोटाचा ठसा होता. दोन वर्षं घसा फोडून सांगितलं होतं की हात लावू नका. दुसरी उचलली, तिच्यावरही. तिसरीवर. नऊच्या नऊ पट्ट्यांवर, खालच्या डाव्या कोपऱ्यात, मोजायची जागा सोडून, एकेक अंगठा.

तुमची गंमत ती होती तर.

मामा, चाळीस वर्षांत तुम्ही ज्या मालाला अंगठा दिला नाही त्याला दिलात. माझ्या तोंड न दाखवणाऱ्या आरशाला. आणि ते मला शनिवारी कळणार होतं, तुमच्यासमोर, आणि मी बोटाचे डाग पाडले म्हणून ओरडणार होते, आणि तुम्ही मिशीत हसणार होतात. तेवढं राहून गेलं.

ठसा नीट दिसावा म्हणून मी पट्टी दाराकडे धरली. तुम्ही धरायचात तशीच. पट्टीच्या पलीकडे गिरणीची भिंत होती, चुन्यानं रंगवलेली, पांढरीफटक. पट्टीतून ती बिनदुधाच्या चहाच्या रंगाची दिसली. हातातल्या पेल्यातल्या चहाच्या अगदी तोलात. दुसरी धरली. तोच रंग. नऊही पट्ट्यांत भिंत त्याच एका रंगाची. तेव्हा मला कळलं की तुम्ही गिरणीकडे का बघत होतात.

सगळा जन्म तुम्ही आरशाकडे बघून थांबायला शिकलात. आणि अडुसष्टाव्या वर्षी, माझ्यासाठी, आरशातून बघून थांबायला शिकलात. वरून बघितलं की चमक भुरळ घालते. आरपार बघितलं की दाण्यांनी कोणता उजेड धरला आणि कोणता सोडला ते भिंतीवर दिसतं. पिवळी भिंत म्हणजे दाणे अजून लहान. चहाचा रंग म्हणजे दाणे हवे तेवढे आणि हवे तितके जवळ. त्याच्या पुढे गेलं की दाणे एकमेकांना मिळतात आणि आरसा होतो. हे मी वर्गात फळ्यावर काढते, मामा. आकृतीसह. आणि तुम्ही ते समोर करत होतात तेव्हा मी तुम्हाला म्हणाले की हातातल्या कामाकडे बघा.

बारावी पट्टी मी पाण्यातून काढून वर धरली. भिंत हळदीसारखी. पुन्हा बुडवली, पुन्हा धरली. मधासारखी. स्टॉपवॉच पिशवीतच होतं. आणखी एकदा बुडवली, धरली, आणि भिंत चहाची झाली. मी पट्टी तशीच शुद्ध पाण्यात टाकली आणि वरून बघितलंच नाही, न जाणो मोह झाला तर. तशा सहा पट्ट्या केल्या. गिरणीवाल्याला वाटलं मी त्याच्या भिंतीची पाहणी करायला आलेय. त्यानं विचारलं की भिंत कुणाला हवीये. मी म्हटलं ह्या दिवाळीला चुना तेवढा नक्की मारा, माझ्यातर्फे विनंती.

सहाही पट्ट्यांवर रेघ उठली. सहाही, मामा. तुमच्या नऊ आणि माझ्या सहा शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची ते यंत्राला ओळखता येत नाही. पद्धत मी प्रबंधात लिहिली आहे: पांढऱ्या पार्श्वभूमीवर आरपार बघून रंगावरून थांबणे. खाली तुमचं नाव आहे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आता ती जगात कुणीही करू शकेल, फक्त एक पांढरी भिंत लागेल.

आणि आपल्या वादाचं उत्तरही मिळालं. तुमच्या एका पट्टीवरच्या अंगठ्यावर मी लेझर सोडला. रंगाचा थेंब नाही, काही नाही, नुसता अंगठा. रेघ उठली. वेगळी शिखरं होती, हाताच्या तेलाची, घामाची. तुम्ही महिनाभरापूर्वी गेला होतात आणि पडद्यावर तुम्ही होतात. उजेड तिथे थांबला तो तेवढाच, पापणीच्या कोट्यवधी भागातला एक भाग, नाय म्हणायलाही न पुरणारा. पण तेवढ्यात त्यानं ओळखलं की इथे कोण होतं. तर हो, ह्याला ठेवणं म्हणतात. ह्या वादात मी जिंकले. तुम्ही समोर असतात तर काहीतरी एका वाक्यात बोलून मला पुन्हा आडवं केलं असतंत, आणि ते वाक्य काय असतं हे मला कधीच कळणार नाही. त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

काल सरांकडे माझ्या सहा पट्ट्या नेल्या. आलेख बघून झाला, चष्मा पुसून झाला. मग त्यांनी एक पट्टी चिमट्यानं उचलून खिडकीकडे धरली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. खालच्या डाव्या कोपऱ्यात ठसा होता. चांदीला हात लावायचा नाही हे पहिल्या वर्षापासून सांगतोय, म्हणाले, कुणाचा अंगठा आहे हा?

"माझा, सर," मी म्हटलं. "आमच्यात चांगल्या आरशाला देतात."